सूचनावहिनींच्या आवाजातलं औषध

सूचनावहिनींना खऱ्या नावाने हाक मारणारं आता फारसं कुणी उरलं नव्हतं. त्यांचं काम आवाज द्यायचं. लिफ्टमध्ये ‘दरवाजा बंद होत आहे’ म्हणणाऱ्या त्याच, बँकेच्या फोनवर ‘कृपया थोडा वेळ थांबा’ म्हणणाऱ्या त्याच, आणि मोठ्या हॉस्पिटलच्या बाकांवर ताटकळलेल्या लोकांना ‘आपला क्रमांक आल्यावरच खिडकीपाशी या’ असं बजावणाऱ्याही त्याच. दिवसभर अख्ख्या शहराला सूचना करत फिरणारी बाई म्हणून स्टुडिओतल्या रेकॉर्डिंगवाल्या दादांनी एकदा गमतीत ‘सूचनावहिनी’ म्हटलं, आणि ते नाव त्यांना जे चिकटलं ते चिकटलंच.

त्यांचा नवरा लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. चारचौघांत त्याचा ठरलेला विनोद होता, “लग्नाआधीपासून मी हिच्या सांगण्यावरून वर-खाली करतोय.” लोक हसायचे. वहिनीही हसायच्या, पण मनातून त्यांना ते तितकंसं खरं वाटायचं नाही. यंत्रातलं त्यांचं सगळे ऐकायचे, घरातलं कुणी ऐकत नव्हतं. नळ नीट बंद करा म्हणून सांगा, ओला टॉवेल पलंगावर टाकू नका म्हणून सांगा, भिंतीशी बोलल्यासारखं. मग आवाज चढायचा. यंत्रातल्या आवाजाला राग ठाऊक नव्हता. वहिनींना चांगलाच ठाऊक होता, आणि घरी तो नाकाच्या शेंड्यावरच असायचा.

अशात एक दिवस दादांनी त्यांना एका नव्या कामासाठी बोलावलं. स्टुडिओ म्हणजे दुकानामागची एक बुटकी खोली. भिंतींना जाड गाद्या ठोकलेल्या, मध्ये एक काच, काचेच्या अलीकडे दादा आणि पलीकडे माईक. त्या दिवशी दादांच्या शेजारी विद्यापीठातल्या एक संशोधक मॅडम बसल्या होत्या. बारीक अंगाच्या, चष्मा डोक्यावर ढकललेला, बोलणं भराभर.

“ताई, आमचा अभ्यास असा आहे,” मॅडम म्हणाल्या. “बायका लाजेच्या दुखण्यांबद्दल डॉक्टरला विचारत नाहीत, फोनला विचारतात. आणि फोन त्यांना काय दाखवतो, ते आम्ही दोन वर्षं बघत बसलोय.”

“काय दाखवतो?”

“एक तर घाबरवतो, नाही तर चाळवतो, नाही तर काहीतरी विकतो. बहुतेक वेळा तिन्ही एकदमच.”

म्हणून त्या लोकांनी स्वतःच छोटे व्हिडिओ करायचं ठरवलं होतं. साधी चित्रं, साधी वाक्यं. ते बायकांना दाखवायचे आणि बघायचं की सरळ सांगितलेलं सरळ पोचतं का. आवाजासाठी त्यांनी बऱ्याच जणींचे नमुने बायकांना ऐकवले होते. सगळ्यांत जास्त विश्वास वहिनींच्या आवाजावर बसला होता.

“हॉस्पिटलमुळे असेल,” वहिनी म्हणाल्या. त्यांना बरं वाटलं होतं, पण ते दाखवायचं नव्हतं.

कागद हातात घेऊन त्या काचेपलीकडे गेल्या आणि पहिल्याच पानावर अडखळल्या. पाळीच्या तक्रारी, संबंधाच्या वेळचं दुखणं, कोरडेपणा, बाळंतपणानंतर सैलावलेले स्नायू, गर्भाशय खाली सरकून अंग बाहेर येणं. सगळं नाव घेऊन लिहिलेलं. वहिनींनी वाचायला सुरुवात केली, आणि मॅडमनी हात वर केला.

“ताई, त्या शब्दापाशी तुमचा आवाज खाली जातो.”

“कुठे जातो?”

दादांनी ऐकवलं. खरंच जात होता. ‘संबंधाच्या वेळी दुखत असेल तर’ एवढंसं वाक्य, पण ‘संबंधा’पाशी आवाज असा दबकत चालला होता, जणू पुढच्या खोलीत कुणी झोपलंय.

“‘दरवाजा’ जसा म्हणता, तसंच ‘योनी’ म्हणा,” मॅडम म्हणाल्या. “तेवढाच मोठा, तेवढाच साधा. तुम्ही लाजलात तर ऐकणारी लाजेल.”

पुन्हा घेतलं. पुन्हा घसरलं. पुन्हा घेतलं. दादांनी त्या दिवशी टेबलाखालच्या वायरी जितक्या वेळा वाकून तपासल्या, तितक्या वर्षभरात तपासल्या नसतील. संध्याकाळपर्यंत वहिनींचा घसा सोलवटला, मॅडमचा चेहरा उतरला आणि हाती धड एकच व्हिडिओ लागला.

वहिनींना आपल्या कामात कुणी चूक काढलेली खपत नसे. त्यांनी कागद घरी नेले. भाजी चिरता चिरता त्या मोठ्याने वाचू लागल्या. बाहेरच्या खोलीत सासूबाई टीव्हीसमोर बसलेल्या. सासूबाईंचं वय झालेलं, पण कान तिखट. वहिनी ठासून म्हणत होत्या, “अंग बाहेर येणं हा आजार आहे. यात तुमची काहीही चूक नाही. योनीत रबराची एक लहानशी रिंग बसवून पुष्कळदा आराम पडतो. ही रिंग डॉक्टर बसवतात...” आणि त्यांच्या लक्षात आलं की बाहेरचा टीव्ही गप्प झालाय.

“आई, काही वावगं बोलत नाहीये मी,” त्या आतूनच कडाडल्या. “काम आहे माझं!”

“मी कुठं काय म्हटलं?” बाहेरून आवाज आला आणि टीव्ही पुन्हा सुरू झाला.

पण सराव कामी आला. पुढच्या खेपेला वहिनींनी सगळं पानोपान असं वाचलं की मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेऊन त्यांच्याकडे बघितलं. एकही शब्द दबकला नाही. दादासुद्धा वायरी सोडून सरळ बसून ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, “म्हणजे हे बाळंतपणानंतर कुणालाही होऊ शकतं?” मॅडम म्हणाल्या, “हो.” दादांनी ते वाक्य मागे नेऊन पुन्हा एकदा ऐकलं.

व्हिडिओ इंटरनेटवर चढले. चार दिवस वहिनी हवेत होत्या. पाचव्या दिवशी मॅडमचा फोन आला.

“काढून टाकले.”

“कुणी?”

“कंपनीने. प्रौढांसाठीचा मजकूर म्हणून. कुणी माणसाने बघितलेलंही नसणार. यंत्राने शब्द ओळखला आणि उडवलं.”

“कुठला शब्द?”

“तोच. जो तुम्ही इतका छान म्हणायला शिकलात.”

मॅडमनी दाद मागितली. उत्तर आलं की फेरतपासणी झाली आहे, निर्णय कायम आहे. मॅडमनी पुन्हा लिहिलं, विद्यापीठाचं पत्र जोडलं, डॉक्टरांच्या सह्या जोडल्या. पुन्हा तेच उत्तर, शब्दाचाही फरक नाही. शेवटी मॅडम बदललेले कागद घेऊन स्टुडिओत आल्या. नजर चुकवत त्यांनी ते वहिनींपुढे सरकवले. आता सगळीकडे ‘खालचा भाग’ होता, ‘ती जागा’ होती, ‘जवळीक’ होती.

वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“मॅडम, आधी मला लाज सोडायला लावलीत. घसा फाटेपर्यंत तो शब्द म्हणायला लावलात. आणि आता म्हणता गिळा?”

“मला तरी हे आवडतंय का, ताई? पण व्हिडिओ दिसलाच नाही तर काय उपयोग?”

“दिसून कळला नाही तर?”

मॅडमनी कागद आणखी पुढे सरकवले. काम घेतलेलं होतं, वहिनींनी ते केलं. पण वाचताना आवाजात अशी काही धार आली की दादांना ती यंत्रावर बोथट करावी लागली. आणि झालंही वहिनी म्हणाल्या तसंच. व्हिडिओ राहिले, पण तपासणीत बायकांना ते समजेनात. ‘खालचा भाग’ म्हणजे पाय असं समजून एकीने गुडघ्याच्या दुखण्याबद्दल विचारलं. ‘जवळीक’ ऐकून दुसरी म्हणाली की आमच्या घरात सगळ्यांशी जवळीक आहे, काही त्रास नाही. मॅडमनी हे सांगितलं तेव्हा दोघी आधी हसल्या. मग हसू ओसरलं आणि दोघींना आपापल्या परीने रडावंसं वाटलं. रडल्या मात्र नाहीत.

खरा घाव पुढेच होता.

एका संध्याकाळी नवरा कामावरून आला, तो बूटही न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

“तू कुठल्या तेलाची जाहिरात केलीस का?”

“तेलाची? नाही.”

“मग हे काय आहे?” तो म्हणाला. एका इमारतीत लिफ्टच्या डोक्यावर बसून तो दोर तपासत होता. खालून लिफ्टमधली बायको म्हणाली, दरवाजा बंद होत आहे. आणि पाठोपाठ बाहेरच्या पहारेकऱ्याच्या फोनमधून तीच बायको म्हणाली, गुप्त त्रास कायमचा बंद होत आहे. “मला वाटलं, मला चक्कर येतेय.”

त्याने फोनवर शोधून काढलं. एक हसरी तरुण बाई, मागे फुलं, हातात हिरवी बाटली. ओठ तिचे, आवाज वहिनींचा. ‘बहिणींनो, लाज सोडा. अंग बाहेर येत असेल, जवळीक नकोशी वाटत असेल, तर हे दिव्य तेल रोज आतून लावा. मी स्वतः वापरलंय. ऑपरेशन नको, डॉक्टर नको.’

वहिनींनी ते ऐकलं, पुन्हा ऐकलं. “बहिणींनो असं मी आयुष्यात कधी म्हटलेलं नाही,” त्या म्हणाल्या. मग फोन कानाशी नेऊन हळूच म्हणाल्या, “श्वासच घेत नाहीये ही.”

“काय?”

“वाक्य संपलं की मी श्वास घेते. दादा तो कापतात, पण थोडा राहतोच. ही कुठेच घेत नाही. माझा आवाज काढून घेतलाय यांनी आणि आत मला ठेवलेलंच नाही.”

दादांनी ऐकून सांगितलं की हे यंत्राचं काम आहे. पहिले, सरळ शब्दांचे व्हिडिओ चार दिवस तिथे होते, तेवढ्यात कुणीतरी आवाज उचलला आणि यंत्राला शिकवला. आता ते यंत्र वहिनींच्या आवाजात काय वाटेल ते बोलू शकत होतं. दादा हे सांगत होते तेव्हा त्यांचा स्वतःचा आवाज खोल गेला होता. आवाज विकायचाच त्यांचाही धंदा होता.

वहिनी तक्रार करायला बसल्या. पडद्यावर प्रश्न आला, तुमचं म्हणणं काय आहे? खाली पर्याय: माझा फोटो वापरला आहे, माझं नाव वापरलं आहे, माझं गाणं वापरलं आहे. आवाज हा पर्यायच नव्हता. त्यांनी गाणं निवडलं. उत्तर आलं, गाण्याचं नाव लिहा. त्यांनी फोटो निवडला. उत्तर आलं, व्हिडिओतल्या चेहऱ्याशी तुमचा चेहरा जुळत नाही. पुढे बरेच दिवस असंच चाललं. त्या लिहायच्या, आणि एका ओळीचं उत्तर यायचं: आम्ही तपासलं, आमच्या नियमांचा भंग झालेला नाही.

“तेच यंत्र बघतंय ना हे?” वहिनींनी मॅडमना फोनवर विचारलं. “खरं सांगितलं तर घाण, आणि तेल विकलं तर स्वच्छ?”

“तेलवाले योनी म्हणत नाहीत,” मॅडम थकलेल्या आवाजात म्हणाल्या. “आतून म्हणतात. यंत्राला कळत नाही. आणि ते जाहिरातीचे पैसे भरतात.”

शेवटी वहिनी आणि नवरा पोलिसांच्या ऑनलाइन तक्रारींच्या खोलीत गेले. लहान खोली, चार टेबलं, प्रत्येकापुढे कुणी ना कुणी बसलेलं. अधिकारी तरुण होता, उद्धट नव्हता. वहिनींना वाटलं, उद्धट असता तर परवडला असता.

“तुमच्या आवाजात अश्लील काही बोललंय का?” त्याने विचारलं.

“नाही, तेल विकलंय. खोटं तेल.”

“मग बदनामी नक्की कशी झाली?”

“मी जे बोललेच नाही ते माझ्या तोंडी घातलंय. लोकांना इजा होईल.”

“झालीय का कुणाला?”

“झाल्यावर येऊ का?” नवरा म्हणाला. वहिनींनी त्याच्या पायावर पाय दिला.

अधिकाऱ्याने पुरावा म्हणून जाहिरात लावली, आणि आवाज कमी करायचं त्याच्या ध्यानात आलं नाही. गुप्त त्रास कायमचा बंद होत आहे, असं सगळ्या खोलीला कळलं. चारही टेबलांवरची बोलणी थांबली. मग वहिनींनी तुलनेसाठी आणलेला आपला मूळ व्हिडिओ त्याने लावला, आणि पहिल्याच वाक्याला त्याचे कान लाल झाले. घाईघाईने तो बंद करून तो म्हणाला, “पण बाई, हे तर तुम्ही स्वतःच बोलला आहात. यापेक्षा ती जाहिरात सभ्य आहे.”

एरवी ज्यांच्या तोंडाला तोंड द्यायला घरात कुणी धजत नसे, त्या वहिनी मुकाट्याने उठल्या. बाहेर आल्यावर पायरीवर बसून त्यांनी बाटलीतलं सगळं पाणी पिऊन टाकलं.

पुढे हॉस्पिटलचंही काम गेलं. तिथल्या कारकुनाने अवघडून सांगितलं, रांगेतले लोक तुमचा आवाज आला की हसतात, तेल कुठे मिळेल म्हणून विचारतात. साहेब म्हणाले, दुसरा आवाज घ्या. आता तिथे कुणा यंत्राचा आवाज होता. तोही श्वास घेत नव्हता.

या सगळ्या धांदलीत सासूबाईंकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. वहिनींना एवढंच जाणवत होतं की त्या बाथरूममध्ये फार वेळ लावतात. एक-दोनदा त्यांनी बाहेरून दार वाजवलं, एकदा तर करवादल्या, “आई, आत झोपलात की काय?” सासूबाई खुर्चीत बसताना एका बाजूला कलून बसायच्या, चालताना पाय फाकवून चालायच्या. वहिनी म्हणाल्या, गुडघे. नवरा म्हणाला, वय.

एका सकाळी सासूबाईंना उठवेना. अंगात ताप होता. चादर बदलायला म्हणून वहिनींनी उशी उचलली, तर उशीखाली हिरवी बाटली. अर्धी संपलेली.

वहिनींनी खोलीचं दार लावून घेतलं आणि पलंगाच्या कडेला बसल्या.

“आई, हे तुम्ही मागवलंत?”

सासूबाईंनी तोंड भिंतीकडे केलं. “शेजारणीच्या फोनवरून.”

“कशाला?”

“कशाला म्हणजे? बाटलीवर लिहिलंय ना कशाला ते.” थोड्या वेळाने त्या पुटपुटल्या, “किती वर्षं झाली, अंग खाली येतंय. तुझा नवरा झाला तेव्हापासून थोडं थोडं. आता तर बसवत नाही. आणि हे तेल लावलं तर नुसती आग आग.”

“अहो पण हे खोटं आहे! मी घरात रोज ओरडून सांगतेय, माझा आवाज चोरलाय, माझा आवाज चोरलाय म्हणून!”

“तू काय चोरलं म्हणतेस ते मला कळलं नाही. मला वाटलं, पैसे दिले नाहीत म्हणून भांडतेयस. आवाज तुझाच होता. तू भाजी चिरताना हेच बोलत होतीस की, अंग बाहेर येण्याचं. मग मला वाटलं, तुमचंच औषध असणार.”

“मग मला विचारायचं नाही का? मी इथे, दोन हातांवर!”

सासूबाईंनी मान वळवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, वैताग होता.

“तुला कसं विचारू? त्या दिवशी नुसता टीव्ही बंद केला तर अंगावर आलीस. फोनमधली तू चिडत नाहीस. कितीही वेळा लावा, तेवढंच गोड सांगते. तिचंच ऐकलं.”

टीव्ही का गप्प झाला होता ते वहिनींना आता कळलं. तेव्हा त्या आत गाजर चिरत होत्या, बाहेर सासूबाई श्वास रोखून ऐकत होत्या, आणि मध्ये चार पावलांचं अंतर. अख्ख्या शहरातल्या बायकांनी ऐकावं म्हणून घसा फोडला, आणि जिने खरोखर ऐकलं तिच्यावरच त्या खेकसल्या होत्या.

स्त्रियांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंना तपासलं. आतली कातडी तेलाने भाजल्यासारखी झाली होती, जखमा चिघळल्या होत्या. आधी ते बरं करायचं, मग रिंग बसवायची. हात धुता धुता त्या वहिनींवर उखडल्या, “घरात शिकलीसवरलेली माणसं असताना हे असलं लावू कसं देता? रोज एक तरी बाई येते माझ्याकडे अशी. ती जाहिरातीतली बाई फार गोड बोलते म्हणे. एकदा भेटली ना, तर कानाखाली वाजवणार आहे.”

“ती मी आहे,” वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंचा नळ चालूच राहिला.

“म्हणजे मी नाही,” वहिनी म्हणाल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागल्या. किती जणांना सांगितलं होतं! बँकेला, दादांच्या गिऱ्हाइकांना, पोलिसांना, शेजारणीला. मध्येच त्या थांबल्या. “जाऊ द्या. आईंना किती दिवस लागतील तेवढं सांगा.”

डॉक्टरीणबाईंनी मात्र इजा झाल्याचं लिहून दिलं. ते घेऊन नवरा एकटाच त्या तरुण अधिकाऱ्याकडे गेला. “झाली इजा. आता घ्या,” म्हणून कागद टेबलावर ठेवून आला. या वेळी तक्रार नोंदवली गेली. काही आठवड्यांनी हिरव्या बाटलीची जाहिरात दिसेनाशी झाली. घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पुढच्याच आठवड्यात दादांनी फोन करून सांगितलं, निळी बाटली आलीय. बाई वेगळी, फुलं वेगळी, आवाज तोच.

मॅडमही घरी येऊन गेल्या. अभ्यास संपत आला होता, मिळालेला निधी संपला होता. त्यांना हा सगळा प्रकार त्यांच्या लेखात घ्यायचा होता, नावगाव न देता, वहिनींची परवानगी असेल तर.

“घ्या,” वहिनी म्हणाल्या. “वाचणार कोण?”

“इतर संशोधक वाचतील. डॉक्टर वाचतील.”

“ज्या बाया तेल लावून बसल्यात, त्या?”

आपल्यावर जो राग निघतोय तो खरा आपल्यावरचा नाही, हे मॅडमना कळत होतं, पण म्हणून तो कमी लागत नव्हता. “ताई, मी एकटी किती करू?” त्या म्हणाल्या. त्यांचा चष्मा डोक्यावरून घसरून नाकावर आला. त्या क्षणी वहिनींना दिसलं की ही बाई आपल्याहून बरीच लहान आहे, आणि आपल्याइतकीच कावलेली आहे. मग त्यांनी चहा टाकला.

सासूबाईंना रिंग बसली. पंधरवड्यात त्या सरळ चालू लागल्या, सरळ बसू लागल्या. एवढंसं रबर! ते हातात घेऊन दाखवलं होतं तेव्हा त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं होतं आणि म्हणाल्या होत्या, “हे काय, बाटलीचं झाकण बसवतात तसं?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तसंच समजा.”

एका दुपारी वहिनी निळ्या बाटलीची तक्रार भरत होत्या. माझा फोटो, माझं नाव, माझं गाणं. सासूबाई बाहेरच्या खोलीतून उठून आल्या आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या. त्या कधी तिथे बसत नसत.

“एक विचारू? चिडशील.”

“नाही चिडत. विचारा.”

“ते संबंधाच्या वेळचं दुखणं म्हणत होतीस ना तू. ते या खाली येण्यामुळे असतं का?”

वहिनींनी फोन पालथा ठेवला. “असू शकतं. जड वाटतं, दुखतं, नकोसं होतं. कारणं आणखीही असतात, पण यानेही होतं.”

“आणि ही रिंग तेव्हाही होती? तरुणपणी? माझ्या?”

“होती, आई. पुष्कळ आधीपासून आहे.”

सासूबाई स्टुलाच्या कडेवरून हात फिरवत राहिल्या. “तुझ्या सासऱ्यांना मी जवळ येऊ देईनाशी झाले. फार दुखायचं. काय म्हणून सांगणार? सांगायला शब्दच नव्हता माझ्याकडे. त्यांनी कधी जबरदस्ती केली नाही हो. हळूच पलंग वेगळा केला त्यांनी. पण शेवटपर्यंत त्यांना वाटत राहिलं की ते मला आवडत नाहीत. एकदा विचारलंही होतं त्यांनी. मी म्हटलं, झोपा आता.”

मॅडमच्या कुठल्याच कागदात हे लिहिलेलं नव्हतं.

“आवडायचे हो मला ते,” सासूबाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज चढला होता, आणि तो कुणावर चढला होता ते त्यांनाही सांगता आलं नसतं. “एवढंसं रबर गं! एवढ्याशा रबरापायी! कुणी एकाने तरी सांगायला नको होतं?”

“हो, आई,” वहिनी म्हणाल्या. “सांगायला हवं होतं.” त्या दुसरं स्टूल ओढून जवळ बसल्या, आणि सासूबाई बोलत राहिल्या, मोठ्याने, एकही शब्द न गिळता.